कापसाला विटाळ नसतो

"आपल्या पूर्वजांनी जे जे घालून दिलं, त्यात विज्ञान ठासून भरलेलं हाय," असं नानासाहेब म्हणाले आणि त्याच वेळी मागून एका शेळीनं त्यांच्या उपरण्याचं टोक तोंडात घेतलं. विज्ञानाचा मुद्दा पुरा होईपर्यंत वीतभर उपरणं तिच्या पोटात गेलं होतं.

नानासाहेबांनी ते ओढून घेतलं, ओलं टोक झटकलं आणि पुढं बोलू लागले. पिशोरजवळच्या त्या वस्तीवरच्या शाळेत त्यांनी उभा जन्म घंटा वाजवली होती. घंटा वाजली की पोरं उठतात, पुन्हा वाजली की बसतात, हे पाहून पाहून जगाचं उठणं-बसणं आपल्याच हातात आहे अशी त्यांची समजूत झाली होती. रिटायर होताना घंटा शाळेत ठेवावी लागली; समजूत घरी आणता आली.

प्रश्न त्यांच्या धाकट्या चुलतभावाच्या, त्रिंबकच्या बायकोचा होता. म्हाळसाबाई साठी ओलांडलेली. सकाळी कापूस वेचताना तासाच्या, म्हणजे ओळीच्या, टोकाला ती जरा टेकली आणि उठली, तेव्हा लुगड्याला मागून लाल डाग पडला होता. शेजारच्या तासात दगडाबाई वेचत होती. दगडाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगलं बोंड कोणतं आणि किडकं कोणतं हे तिला बोटांनी चाचपून कळे. डाग मात्र तिला दिसला. कापसाचं गाठोडं घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

"त्रिंबक," नानासाहेब म्हणाले, "तिला म्हनावं गोठ्यात बस. पाचव्या दिवशी डोक्यावरून पानी घ्यायचं, झालं."

म्हाळसाबाई तिथंच, हातभरावर, कपाळावर पदर ओढून उभी होती. पण नानासाहेब तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर. जेठानं भावजयीशी थेट बोलायचं नाही, भावजयीनं जेठाला तोंड द्यायचं नाही, ही घरची रीत. म्हणून नानासाहेब त्रिंबकला सांगत, त्रिंबक मान वळवून तेच बायकोला सांगे, आणि तिचं उत्तर त्याच वाटेनं माघारी येई. उत्तर नानासाहेबांना आधीच ऐकू गेलेलं असे. पण त्रिंबकच्या तोंडून आल्याशिवाय ते ऐकलं असं ते धरत नसत.

"गोठ्यात बस म्हन्त्यात," त्रिंबक म्हणाला.

"बसते. पर कापसाचं कसं?"

"कापसाचं कसं म्हन्ती."

नानासाहेबांनी डोळे मिटले. उगवतीकडं आभाळ काळवंडलं होतं. बोंडं फुटून लोंबत होती; अवकाळी आला असता तर सगळ्याचा चिखल. मजूर मिळत नव्हते. आणि म्हाळसाबाईच्या हाताला जो उरक होता तो वस्तीत दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हता. शास्त्राचा निकाल यायला वेळ लागला नाही.

"कापसाला इटाळ नसतो," नानासाहेब डोळे उघडून म्हणाले.

मग बाकीचंही ठरलं. चुलीला विटाळ होता, माठाला होता, देवाला तर होताच. शेण भरायला नव्हता. शेळ्यांना पाला आणायला नव्हता, त्यांचं दूध काढायला होता. सरपण फोडायला नव्हता, त्यावरची भाकरी थापायला होता. नीट पाहिलं असतं तर दिसलं असतं की ज्या कामाला घरात दुसरं कुणी तयार नव्हतं, त्या कामाला विटाळ नव्हता. पण नीट पाहण्याची घरात रीत नव्हती.

म्हाळसाबाईनं गोठ्यात गोणपाट अंथरलं.

तिला गोठ्याचं दुःख नव्हतं. बाळंतपणं सोडली तर तरुणपणी महिन्याच्या महिन्याला ती तिथं बसली होती. दुःख देवांचं होतं. त्या घरी खंडोबा, म्हाळसा, बिरोबा असे पिढीजात चांदीचे टाक होते आणि ते फार कडक होते. त्यांना पाळी येणाऱ्या बाईचा हात चालत नसे. बाप्याचा चाले, पण बाप्यांनी ते कधी घासले नव्हते. देव काळे पडत. चिंच लावून, उकिडवं बसून, अंगठ्यानं घासघासून ते उजळायला बाईच लागे. या अडचणीतून पूर्वजांनी वाट काढली होती: पाळी गेलेली बाई. सासू जिवंत होती तोवर तो मान सासूचा. सासू गेली आणि म्हाळसाबाईची पाळीही मुलाच्या, सोनाजीच्या लग्नाच्या साली गेली, तेव्हा कोनाड्याची किल्ली तिच्या कमरेला आली. त्या दिवसापासून त्रिंबक तिला 'अगं' म्हणायचा तो 'अहो' म्हणायला लागला नाही, पण हाक मारायच्या आधी खाकरायला लागला. जन्मभराच्या राबण्यातून एवढीच बढती तिला मिळाली होती.

म्हणून तिनं लपवलं होतं. पोळ्याच्या सुमाराला पहिल्यांदा ठिपका दिसला. मग दिसत राहिला. ती ओहळावर एकटी धुणं न्यायची, फडकी कापसाच्या पऱ्हाटीच्या बुडाशी वाळवायची, आणि घरी येऊन हात धुऊन देवांना हळद-भंडारा लावायची. देवांना काही झालं नव्हतं. तिच्या ओटीपोटात मात्र बारीक कळ सुरू झाली होती.

चंपाषष्ठी जवळ आली होती. सोनाजीला मुलगा झाल्याचं जागरण त्या दिवशी घालायचं कबूल केलेलं होतं. मुलगा आता शाळेत जाऊन पाढे म्हणत होता. देव बिचारे थांबले होते.

पाचवा दिवस आला. म्हाळसाबाईनं डोक्यावरून पाणी घेतलं. दुपारी पुन्हा डाग. नानासाहेबांनी त्रिंबककरवी नव्यानं पाच दिवस मोजायला लावले. तेही गेले. मग नानासाहेबांनी दुर्वांचा रस सांगितला. मग पांढऱ्या कोंबडीवरून लिंबू उतरायला सांगितलं. कोंबडी सोनाजीनं संध्याकाळी खाल्ली. पाचवा दिवस येत होता, जात होता, आणि म्हाळसाबाई सकाळी कापसात, दुपारी कापसात, तिन्हीसांजेला गोठ्यात. तिचे गाल बसले. झोळी भरली की उचलताना ती आता एक हात पोटावर ठेवायची.

"हिला परत तारुन्य फुटलं," दगडाबाई पाणवठ्यावर म्हणाली, आणि बायका हसल्या. म्हाळसाबाई पाणवठ्यावर नव्हती. पाण्याला विटाळ होता.

तेवढ्यात सून मंजुळा बाजूला बसली. तिची रीतसर पाळी. आता चुलीपाशी कुणीच उरलं नाही. त्रिंबकनं पीठ मळलं, सोनाजीनं जाळ केला. पहिली भाकरी कुत्र्याला टाकली. कुत्र्यानं ती हुंगली आणि मान वर करून सोनाजीकडं पाहिलं.

गोठ्यात सासू-सून शेजारी शेजारी गोणपाटावर बसल्या होत्या. इतक्या वर्षांत दोघींना एकमेकींशी निवांत बोलायला ही पहिलीच जागा मिळाली.

"आत्या, हा कसला वास येतोय?"

"शेळ्यांचा."

"शेळ्यांचा मला ठाव नाय व्हय? आत्या, खरं सांगा. कव्हापासून हाय हे?"

म्हाळसाबाईनं गवताची काडी मोडली. "पोळ्यापासून."

"पोळ्यापासून! आन बोलल्या नाय?"

"बोलले असते तर देव कोन घासले असते? तू?"

"काळे राह्यले असते."

"तेच की," म्हाळसाबाई म्हणाली, जणू यात पुढं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मंजुळाचं माहेर सिल्लोडचं. माहेरच्या शेजारची शमीमखाला शहरात सरकारी कॅन्सरच्या दवाखान्यात सिस्टर होती. मंजुळानं गोठ्यातूनच फोन लावला. फोनला विटाळ आहे की नाही हे अजून ठरलेलं नव्हतं. पलीकडून खालानं चार प्रश्न विचारले आणि म्हणाली, "परवा कायकू? उद्या आण."

नानासाहेबांची परवानगी मंजुळानं सोप्या रीतीनं मिळवली. ते ओट्यावर असताना ती नवऱ्याला मोठ्यानं म्हणाली, "शहरात एक सिस्टर हाय म्हणं. चंपाषष्ठीच्या आत थांबवून देती."

नानासाहेब ओट्यावरून म्हणाले, "देवाच्या कामासाठी दवाखान्यात जायाला शास्त्राची हरकत नाय."

*

फुलंब्रीपर्यंत म्हाळसाबाई मंजुळाशेजारी खिडकीला डोकं टेकून होती. एसटीच्या पाटीवर शहराचं नवं नाव होतं. खड्डे जुन्याच नावाचे. त्रिंबक पुढच्या बाकावर बसला होता, बायकोपासून दोन बाकं सोडून. कुणी विचारलंच तर वकिलाकडं चाललोय असं सांगायचं त्यानं ठरवलं होतं. पिशवीच्या दुखण्यापेक्षा भावकीतला खटला बरा दिसतो.

शमीम सिस्टर उंच, जाड भिंगाचा चष्मा लावणारी, दाढेखाली कायम लवंग. पिशवीच्या कॅन्सरच्या बायकांसाठीच तिनं वेगळं शिक्षण घेतलं होतं. ऑपरेशन डॉक्टर करत. त्याच्या आधीचं विचारणं, तपासण्या लावणं, समजावणं, आणि त्याच्या नंतरचं सावरणं, चालवणं, पुन्हा पुन्हा बोलावून बघणं हे तिचं काम. उरलेल्या वेळात ती नवऱ्यांशी भांडायची. उरलेला वेळ रोज निघायचा.

"पाळी कधी बंद झाली, मावशी?"

"पोराच्या लग्नाच्या साली," त्रिंबक म्हणाला.

"आणि आता अंगावर कधीपासून जातंय?"

"झाले की पंधरा-वीस दिवस," त्रिंबक म्हणाला.

सिस्टरनं चष्म्यावरून पाहिलं. "मामा, पाळी तुम्हाला येती?"

"आँ?"

"नाय ना येत? मग बाहेर बाकड्यावर बसा. हौ, तिथंच. तंबाखू थुकायची नक्को. मी बोलवते."

त्रिंबक गेला, मंजुळा थांबली. सिस्टरनं पडदा ओढला, स्टूल पुढं सरकवलं आणि म्हाळसाबाईच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली. "आता तुम्ही सांगा."

म्हाळसाबाईनं सांगितलं. पोळ्यापासूनचं, फडक्यांचं, कळेचं, देवांचं, गोठ्याचं. देवांपाशी तिचा आवाज बारीक झाला, कळेपाशी झाला नव्हता. सिस्टरची लवंग तेवढी या गालातून त्या गालात गेली.

"मावशी, नीट ऐका. एकदा पाळी बंद झाली आणि मग पुन्हा काही गेलं, एक ठिपका जरी, तर ती पाळी नसती. कधीच नसती. ते तपासून घ्यायचं असतं. बसून राहायचं नसतं."

म्हाळसाबाईनं पदर कपाळावरून मागं सारला. "मंजी... इटाळ नाय?"

"नाय."

"मंग काय हाय?"

"आजार. कसला ते बघू. खोटं बोलत नाही तुमच्याशी, कॅन्सर पण असू शकतो. आधी सोनोग्राफी, मग डॉक्टर पिशवीतनं जरासा तुकडा घेतील, तो तपासायला जाईल. मी सोबत थांबते."

म्हाळसाबाई हसली. पुढचे दोन दात नव्हते, तरी पुरं हसली. "मंजुळे, ऐकलं का गं? इटाळ नाय. आजार हाय!"

कॅन्सर हा शब्द ऐकून रडणाऱ्या, गप होणाऱ्या, देवाला शिव्या देणाऱ्या बायका सिस्टरनं पुष्कळ पाहिल्या होत्या. सुटल्यासारखी हसलेली ही पहिलीच. तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला.

"या अल्ला," ती मंजुळाला म्हणाली, "क्या करके रखे गे तुमारे लोगां इसका."

तुकडा डॉक्टरीणबाईंनी घेतला. सिस्टर उशाला उभी राहिली, म्हाळसाबाईचा हात तिच्या हातात. "मावशी, शेळ्या किती? नावं सांगा एकेकीची." म्हाळसाबाई बांडी, कबरी, चांदणी अशी नावं सांगत गेली, लंगडीपाशी आली तेव्हा तिनं सिस्टरचा हात असा आवळला की सिस्टरच्या अंगठीचा वळ बोटावर उठला. "लंगडी कशानं लंगडी झाली?" सिस्टरनं विचारलं. ते सांगून होईपर्यंत झालं होतं.

पुढच्या खेपेला निकाल आला. डॉक्टरीणबाईंनी सांगितला, आणि त्यांच्या खोलीतून बाहेर आल्यावर सिस्टरनं तोच पुन्हा सांगितला, कारण पहिल्यांदा सांगितलेलं कुणालाच ऐकू येत नाही हे तिला माहीत होतं.

"पिशवी म्हणजे मडकं, त्याला आतनं अस्तर असतं असं समजा. त्या अस्तरात कॅन्सर आहे. मडकं काढायचं, आजूबाजूच्या गाठी काढून तपासायच्या. मग गरज लागली तर किरणांचा शेक. असं अंगावर जायला लागल्यावर लवकर आल्या त्यांतल्या बहुतेकी नीट होतात."

"बहुतेकी," म्हाळसाबाई म्हणाली.

"हौ. बहुतेकी. सगळ्या म्हणाले तर तुम्हीच मला खोटी म्हणाल."

ऑपरेशनची तारीख निघाली. त्रिंबकनं बोटांवर तिथी मोजली आणि त्याचा चेहरा पडला. बायकोला कॅन्सर आहे म्हटल्यावर पडला नव्हता.

"त्या दिवशी नाय जमायचं, सिस्टर. चंपाषष्ठी. देव हायत आमचे."

"देव कुठं चाललेत का?"

"नाय. घरीच हायत."

"मग बसू द्या की. बायकोला एवढे दिवस बसवलं ना?"

*

घरी आल्यावर ओट्यावर बैठक बसली. म्हाळसाबाई गोठ्याच्या दारात, मंजुळा चुलीपाशी. बाहेर गार वारं सुटलं होतं आणि अर्धा कापूस अजून रानात होता.

"पिशवीच काढायची ना?" नानासाहेब म्हणाले. "मंग शहर कशाला? तालुक्याला तो डॉक्टर हाय. कडूबाच्या बायकोची काढली, फकिराच्या बायकोची काढली. सकाळी काढली, आठवड्यात बाई रानात. चंपाषष्ठीच्या आधी मोकळं. त्रिंबक, ह्याला म्हन्त्यात नियोजन."

"नियोजन," त्रिंबक म्हणाला. त्याला तो शब्द आवडला.

"पर सिस्टर म्हनली, गाठी बी बघाया लागत्यात," मंजुळा आतून म्हणाली.

"गाठी!" नानासाहेब हसले. "गाठी लग्नाच्या असत्यात, त्या सोडवायच्या नसत्यात."

सोनाजीनं बायकोकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं आणि, जन्मात पहिल्यांदाच काही ठरवल्यासारखं, फोन लावून ओट्याच्या मधोमध ठेवला. सिस्टरचा आवाज मोठ्यानं आला.

"कोण बोलतंय?"

"मी नानासाहेब. घरातला वडीलधारा."

"पेशंट कुठाय?"

"गोठ्यात."

सिस्टरचा आवाज चढला, "उसकू अब तक गोठे में रखे?"

"बाई, आमच्या घरची रीत—"

"रीत ठेवा तुमच्याजवळ. ऐका. हे नुसतं पिशवी काढायचं काम नाही. कॅन्सर आहे हे माहीत असलेल्या माणसानं, कॅन्सरचं ऑपरेशन करणाऱ्या माणसानंच काढायची असती. तिकडं कुणी घाईनं पिशवी तेवढी काढली, आत काही राहिलं, तर चार महिन्यांनी तिला माझ्याकडंच आणाल. तेव्हा तुमचं नियोजन पण संग आणा, बघू त्यानं काय होतंय ते."

नानासाहेबांनी वाकून फोनचं लाल बटण दाबलं. "रेंज गेली," ते म्हणाले.

तालुक्याचा डॉक्टर ठरल्यात जमा होता. त्रिंबक काडीनं दात कोरत होता.

म्हाळसाबाई गोठ्यातून निघाली. अंगणातून आली, ओट्याच्या पायऱ्या चढली. कपाळावर पदर होता, रीतीप्रमाणे. बाप्यांच्या मधून वाट काढत ती उंबरा ओलांडून घरात गेली. माठावरचं झाकण काढलं, तांब्या बुडवला, आणि उभ्या उभ्या, घटघटा, सगळा तांब्या प्याली. पाणी हनुवटीवरून गळ्यात आलं. इतके दिवस तिला वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यावं लागत होतं.

नानासाहेबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो घंटेचा नव्हता.

"आजाराला माठ चालतो," म्हाळसाबाई म्हणाली. ती माठाकडं बघून बोलली, म्हणजे जेठाला तोंड दिलं असं कुणाला म्हणता येईना. "सोन्या, सिस्टरला फोन लाव. त्या दिवशी यीन म्हनावं. त्याच दवाखान्यात. आन राह्यलेला कापूस तुमी वेचा. त्याला इटाळ नसतो."

तांब्या पालथा घालून ती भिंतीला टेकून बसली. घरात. पोट धरून, पण घरात.

नानासाहेबांनी उपरण्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. पिशवीच गेली तर पुढं विटाळ यायचा कुठून, हा मुद्दा त्यांना स्वतःच्या बळावर सुचला होता.

"त्रिंबक," ते म्हणाले, "मी पयल्यापासून काय म्हनत होतो? पिशवी गेली की इटाळ गेला. देव कायमचे सुटले. जागरन माघी पुनवेला धरू. देवाला माघी बी चालती."

त्रिंबकनं मान हलवली. नानासाहेब पहिल्यापासून काय म्हणत होते हे त्याला आठवत नव्हतं, पण तेवढ्यासाठी मान अडवून ठेवण्यात अर्थ नव्हता.

*

चंपाषष्ठीला म्हाळसाबाईचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच शमीम सिस्टर तिच्या खाटेशी उभी.

"उठा मावशी. चालायचं."

"पोट फाटंल गं बाई."

"नाही फाटत. पोटाला उशी धरा. खोकला आला तरी उशी दाबून खोका. वारं सरलं का?"

म्हाळसाबाईनं पदर तोंडाला लावला. असला प्रश्न तिला आजवर आईनंसुद्धा विचारला नव्हता. सिस्टर सकाळी विचारी, दुपारी विचारी, वॉर्डभर ऐकू जाईल असं विचारी. अखेर एका दुपारी म्हाळसाबाईनं तिला हळूच खूण केली, तेव्हा सिस्टर वळून शेजारच्या खाटांना म्हणाली, "हिचं सरलं गे! आज पेज!" आणि बायका खरोखर खूश झाल्या.

त्रिंबक खाटेशेजारी खाली बसून असे. शेळ्यांचं दूध कोण काढत असेल हा घोर त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसे.

"मामा, हे कपडे धुऊन आणा," सिस्टर म्हणाली.

"मी? ह्याला... हे बायकांचं..."

"हात आहेत ना? जेवायला काढता तेच काढा."

त्यानं ते दोन बोटांत धरून नळावर नेले, मान दुसरीकडं करून. पहिल्या दिवशी दोन बोटं. घरी जायच्या दिवशी पाची बोटं होती आणि मान सरळ होती. याहून जास्त त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

गाठी साफ निघाल्या. तरी आतून थोडा शेक द्यावा असं ठरलं. म्हाळसाबाई आता एसटीतून नुसती मंजुळाबरोबर येई. शेकाच्या खोलीत जायच्या आधी सिस्टर तिला सगळं सांगे: आत काय घालतात, किती वेळ हलायचं नाही, नंतर लघवीला जळजळलं तर काय करायचं, पुढं नवऱ्याजवळ जायचं असेल तर काय काळजी घ्यायची. शेवटचं ऐकून म्हाळसाबाई म्हणाली, "त्याची काळजी त्यांना घेऊ द्या," आणि दोघी हसल्या.

"खोलीत तुम्हाला एकटीलाच राहावं लागंल. मी बाहेर, पडद्यावर बघत असते. हात हलवला की दिसतो मला."

"मंजी इथं बी बाजूला बसवता व्हय?"

"हौ," सिस्टर म्हणाली. "पण इथं कारण आहे."

शेवटच्या दिवशी तिनं म्हाळसाबाईचा हात धरून बजावलं. तीन महिने वझं उचलायचं नाही, हंडा नाही, उकिडवं बसून घासणं-रगडणं नाही. दिलेल्या तारखांना यायचं. "आणि पुन्हा एक थेंब जरी दिसला, मावशी, तर बाजूला कुठं बसायचं?"

"एसटीत," म्हाळसाबाई म्हणाली.

*

माघी पौर्णिमेच्या दुपारी अंगण सारवलं होतं. जागरणाची मंडळी संध्याकाळी यायची होती, पण भावकी जेवणाच्या वासानं आधीच जमली होती. शेळ्या आखूड बांधल्या होत्या. नानासाहेबांचं उपरणं नवं होतं.

नानासाहेब अंगणाच्या मधोमध उभे राहिले. "मंडळी, ह्या घरावर देवानं परीक्षा घातली. आपन डगमगलो नाय. एका हातात धर्म धरला, एका हातात विज्ञान धरलं. मी पयल्या दिवशीच सांगितलं होतं की शहरातल्या मोठ्या दवाखान्यातच जायाचं. आज ही माऊली अशी झाली हाय की ह्या पंचक्रोशीत तिच्याइतकी शुद्ध बाई दुसरी नाय. इटाळाचं मूळच उपटलं. देवाचा मान पुन्हा तिचा, कायमचा!"

दगडाबाईनं पदरानं डोळे पुसले. मोतीबिंदूमुळं तिच्या डोळ्यांना पाणी यायचंच, पण वेळ बरोबर साधली.

त्रिंबकनं कोनाड्यातून लाल फडक्यात बांधलेले टाक आणले. खाकरून, दोन्ही हातांनी ते म्हाळसाबाईपुढं पाटावर ठेवले आणि वर किल्ली ठेवली. फडकं सुटलं. देव काळेठिक्कर पडले होते. कुणाचाच हात त्यांना लागला नव्हता. खंडोबाचा घोडा कोणता आणि खंडोबा कोणता हे ओळखू येत नव्हतं. सगळं अंगण म्हाळसाबाईकडं बघू लागलं. याच मानासाठी तिनं पोळ्यापासून ओहळावर एकटीनं फडकी धुतली होती.

ती बाजेवर बसली होती, पोटाला उशी धरून. तिनं देवांकडं पाहिलं, लांबून हात जोडले. किल्ली उचलून मंजुळाच्या ओंजळीत टाकली. मग पदर कपाळावरून मागं सारला आणि सरळ जेठाच्या तोंडाकडं पाहिलं. त्रिंबकनं सवयीनं मान वळवली, निरोप घ्यायला; पण निरोप त्याच्याकडं आला नाही.

"नाना," ती म्हणाली, "मला उकिडवं बसायचं नाय. देवांसाठी तेवढी चिंच भिजत घाला. चिंचोके काढून."